मागं बघणारा बीव्हर

त्या गुरुवारी मी जे केलं ते चांगल्या हेतूनं केलं, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या हातून झालेले सगळे मोठे घोटाळे चांगल्या हेतूनंच झालेत. वाईट हेतूनं काही करायचं तर डोकं लागतं.

आमच्या टेनंट्स फेरी गावात लॉर्न पलटणीचा हॉल आहे. हॉलच्या मागच्या बाजूला एक खोली आहे. पूर्वी तिथं सायकली ठेवायचे, आता तिला संग्रहालय म्हणतात. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी मी ती झाडतो. शनिवारी राजधानीतून, ओटावाहून, पायदळाच्या बिल्ल्यांचे तपासनीस यायचे होते, म्हणून या खेपेला झाडण्याच्या पुढं मजल मारायची असं मी ठरवलं. काचेच्या कपाटात टोपीवर लावायचे पितळी बिल्ले ओळीनं मांडलेले होते, सगळे कसे आरशासारखे. आणि वरच्या फळीवर, निळ्या मखमलीवर, एकटाच एक बिल्ला होता, तपकिरी घाणीनं लिंपलेला. मला त्या मखमलीची दया आली.

पितळेचं पॉलिश घेतलं, जुना टूथब्रश घेतला आणि बाह्या सरसावल्या. अर्ध्या तासात घाणीखालून मुकुट निघाला, मेपलचं पान निघालं, पानावर बसलेला चपट्या शेपटीचा, नदीत बांध घालणारा प्राणी, बीव्हर निघाला. इतका देखणा बीव्हर मी जन्मात पाहिला नव्हता. मी शीळ घालत तो मखमलीवर परत ठेवतोय तोच कोठीचा सार्जंट बूद्रो आत आला. त्यानं कपाटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि भिंतीला हात टेकला.

"वेंडेल, काय केलंस हे?"

"चमकवला. बघ की, किती चिखल होता त्यावर."

"तो चिखल एकोणीसशे सतराचा होता," बूद्रो म्हणाला. "मिस टिंगलींच्या काकाचा. लढाईतून आलेला."

धुवायला थोडा उशीरच झाला की मग, असा एक विनोद माझ्या तोंडापर्यंत आला. बूद्रोचा चेहरा बघून मी तो गिळला. आजही तो मला पचलेला नाही.

"त्यांना कोण सांगणार?" मी विचारलं.

"मी दोनदा परदेशात ड्यूटी करून आलोय," बूद्रो म्हणाला. "तिथं पाहिजे तर परत जातो."

मिस एफी टिंगली म्हणजे काय चीज आहे ते सांगतो, म्हणजे बूद्रो असं का म्हणाला ते कळेल.

सतराव्या वर्षी ती पलटणीच्या कपड्यांच्या कोठीत शिवणकामाला लागली. आज तिला एक्याऐंशी वर्षं पूर्ण झालीत आणि ती निवृत्त होऊन सोळा वर्षं झालीत, पण ही गोष्ट तिला कुणी सांगितलेली दिसत नाही. सकाळी नऊला ती कोठीत हजर असते. केसांत पेन्सिल, दातांत दोन टाचण्या, थर्मासमध्ये डांबरासारखा चहा. तिच्या हातून वर्दी शिवून घेतलेली पोरं पुढं कर्नल झाली, पण तिच्या लेखी त्यांची बढती झालेली नाही. आताच्या कर्नलसाहेबांना ती भर कवायतीत म्हणते, "पोरा, पोट आत घे, बटण माझ्या अंगावर येईल." आणि कर्नलसाहेब पोट आत घेतात.

नव्या भरतीची टोपी तीच बसवते. नवी बेरे टोपी डोक्यावर पावासारखी फुगून राहते. ती टोपी गरम पाण्यात बुचकळायची, ओलीच डोक्यावर चढवायची, उजव्या कानावर ओढायची आणि वाळेपर्यंत माणसाला खुर्चीत बसवून ठेवायचं. त्याच्या मानेवरून पाणी ओघळत असतं तेव्हा एफी त्याला पलटणीचा इतिहास ऐकवते. पळून जायची सोय नसते. मग डाव्या डोळ्याच्या वर बिल्ला धरते आणि विचारते,

"बीव्हर कुणीकडं बघतोय?"

"मागं, मॅडम!"

"कशाला?"

"मागं कोण राहिलं ते बघायला, मॅडम!"

हे उत्तर खणखणीत आलं, तरच मागची पिन बसते. एकदा एका पोरानं नुसतं 'डावीकडं' म्हटलं, तर त्याला ओल्या टोपीनं आठवडाभर ये-जा करावी लागली.

आता देशातल्या बाकीच्या पलटणींचे प्राणी बघा. त्यांची तोंडं एका ठरलेल्या बाजूला असतात, माणूस चालू लागला की प्राणी पुढं बघतो. आमचाच एकटा उलटा. दुसऱ्या पलटणीची माणसं पिढ्यान्पिढ्या यावरून चिडवत आलीत. चौऱ्याहत्तर साली भोजनाच्या वेळी एका पाहुण्या मेजरनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, "काय हो, तुमचा बीव्हर पळून कुठं चाललाय?" एफी कोपऱ्यात कुणाची तरी उसवलेली बाही टाचत बसली होती. तिनं मान वर न करता, दातांतल्या टाचण्या तशाच ठेवून उत्तर दिलं, "पळत नाही साहेब. मागं कोण राहिलं ते बघतोय. तुमचा पुढं बघतो, कारण त्याच्या मागं कुणी येतच नाही." म्हणतात की आमच्या लोकांनी टेबलं इतकी बडवली की दोन सूपची भांडी आडवी झाली.

हा उलटा बीव्हर तिच्या आजोबांनी केलेला. आणि चुकून केलेला.

एकोणीसशे सोळा साली, पहिल्या महायुद्धात, सरकारनं सांगितलं, प्रत्येक जिल्ह्यानं आपापली पलटण उभी करा. पलटण म्हटली की बिल्ला आला. तेव्हा देशात अशा शेकडो पलटणी निघाल्या आणि शेकडो बिल्ले निघाले. ज्याला जो सोनार मिळाला त्याच्याकडून करून घेतला. लॉर्न जिल्ह्याला मिळाले अँब्रोज टिंगली. घड्याळं दुरुस्त करायचे, चमच्यांवर नावं आणि बीव्हर कोरून द्यायचे. आयुष्यात बिल्ला छापायचा ठसा कधी कोरलेला नाही, आणि पलटण दहा दिवसांत निघायची. अक्षरांना काही अडचण आली नाही, कारण लाखेच्या मोहरांसाठी उलट्या अक्षरांचे ठोके त्यांच्याकडं होतेच. ते ठोकले की छापताना सुलट. बीव्हर मात्र त्यांनी सवयीनं, चमच्यावर कोरतात तसाच सरळ कोरला. छापल्यावर तो फिरला. अकराशे बिल्ले छापून झाले, पोरांच्या टोप्यांवर चढले, मिरवणूक दुकानावरून गेली, आणि दारात हात हलवत उभ्या असलेल्या अँब्रोजच्या लक्षात आलं की अकराशे बीव्हर आपल्याकडं पाठ करून येताहेत. त्या रात्री त्यांनी ठसा नदीत फेकला. त्यांचा थोरला मुलगा लाईल त्याच मिरवणुकीत होता.

इंग्लंडला पोचल्यावर ती पलटण मोडली. माणसं दुसऱ्या पलटणींत वाटून टाकली, जुने बिल्ले जमा करायला सांगितले. लॉर्नच्या पोरांनी ते जमा केले नाहीत. कुणी बुटात घातला, कुणी कॉलरच्या उलट्या बाजूला लावला. सतरा सालच्या चिखलात लाईल टिंगली मागं पडलेले जखमी आणायला तीन वेळा मागं गेला. दोनदा एकेक माणूस घेऊन आला, त्यातला दुसरा ऑर्विल स्टीव्ह्ज. तिसऱ्यांदा आला नाही. ऑर्विलनं नंतर त्याच्या कॉलरखालचा बिल्ला काढून आणला आणि एकोणीस साली टिंगलींच्या स्वयंपाकघरात टेबलावर ठेवला. अँब्रोज म्हणाले, "उलटा आहे. माझी चूक." लाईलची आई त्याच्यावर वाकली आणि म्हणाली, "उलटा नाही. मागं कोण राहिलं ते बघतोय."

गावाची पलटण परत उभी राहिली तेव्हा पलटणीनं सरकारकडून तोच बिल्ला मागून घेतला. उलटाच.

आणि तो चिखल लाईलच्या माउलीनं कधी पुसू दिला नाही. दर अकरा नोव्हेंबरला, युद्ध थांबल्याच्या दिवशी, बिल्ल्याची डबी खाली काढायची, मुलांनी लांबून बघायचं. एफी नऊ वर्षांची असताना तिनं हळूच बोट लावलं होतं. मातीचा एक कण टेबलावर पडला. आजीनं रागवायच्या ऐवजी बोट जिभेला लावून तो कण टिपला आणि होता तिथं परत चिकटवला. एफीनं पुन्हा बोट लावलं नाही, बहात्तर वर्षं.

मी टूथब्रश लावला.

आता शनिवारचं. इंग्लंडच्या गादीवर राणीनंतर राजा आला, म्हणून सगळ्या पलटणींच्या बिल्ल्यांवरचा मुकुट बदलायचं निघालं होतं. त्यासाठी प्रत्येक बिल्ल्याचं नवं चित्र काढायचं होतं. आमच्या नव्या चित्रात बीव्हर पुढं बघत होता. ओटावाच्या पत्रात लिहिलं होतं की तिथल्या दप्तरात सोळा सालचं मूळ रेखाचित्र आहे, त्यात तो पुढंच बघतो. उलटे बिल्ले बहुधा नंतरच्या नकला असाव्यात, तरी आपल्याकडं सोळा सालचा अस्सल बिल्ला असल्यास तपासनीस पाहतील. एफीनं उलट टपाली कळवलं होतं: "आहे. चिखलासकट आहे. येऊन बघा."

येऊन ते काय बघणार होते, हे आता फक्त मला, बूद्रोला आणि टूथब्रशला ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी मी टोपी हातात धरून तिच्या घरी गेलो. तिच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यावरची पट्टी तासाभरापूर्वीच निघाली होती. गाव लहान आहे. मी उंबऱ्यात तोंड उघडायच्या आत ती म्हणाली,

"कळलं मला. चहा ठेव."

मी चहा ठेवला. खिशातून बिल्ला काढून टेबलावर ठेवला. तो इतका निर्लज्जासारखा चमकत होता की त्याच्यावर रुमाल टाकावासा वाटला.

एफीनं तो उचलला नाही. का, ते तिनं पुढं कधीतरी सांगितलं. डबीतल्या मखमलीवर जिथं जिथं माती गळून पडायची ते डाग तिला पाठ होते. त्या माखलेल्या आकाराकडं बघून ती लहानपणी लाईलकाकाचा चेहरा मनात जुळवायची, कारण घरात त्याचा एकच फोटो होता आणि त्यात तो हलला होता. आता समोर नुसता पितळेचा तुकडा होता. तिच्या मनात आलं, आजी असती तर काय म्हणाली असती? आणि लगेच दुसरं आलं, उद्या तो ओटावाचा माणूस काय म्हणेल ते मात्र आपल्याला आजच माहीत आहे.

"पाणी कुठं ओतलंस?" तिनं विचारलं.

"सिंकमध्ये," मी म्हणालो.

 मग तिनं बिल्ला घेतला आणि खिडकीशी गेली. उजव्या डोळ्यावर हात ठेवला, नव्या डोळ्यानं बघू लागली. दहा-बारा वर्षांत तिला इतकं स्वच्छ दिसलेलं नव्हतं, हे डॉक्टरनं नंतर सांगितलं. ओठ हलू लागले.

"एक... दोन... तीन... चार."

"काय मोजताय, मिस टिंगली?"

"तुझे गुन्हे. गप बस." तिनं पुन्हा मोजलं. मग कपाटातली साखरेची वाटी काढून तिच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "उद्या दुपारी इथंच चहाला आण त्यांना. आणि लोणी बाहेर थंडीत ठेवून जा, कडक पाहिजे."

डोळ्याबरोबर डोक्याचंही काही ऑपरेशन झालं की काय, अशी शंका मला आली. पण लोणी ठेवून गेलो.

तपासनीस ड्युमूशेल सज्जन माणूस निघाला. उंच, सावकाश बोलणारा, खिशात सोनारासारखं भिंग. हॉलमधला प्रत्येक बिल्ला त्यानं पाहिला. पण आमच्या पलटणीत पॉलिशची शर्यतच लागायची. वीस वर्षं रोज घासलेला बिल्ला साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो, आणि जुने शिपाई तो अभिमानानं दाखवतात. बीव्हर आहे की बटाटा, हे सांगायला माहीतगार लागतो. ड्युमूशेलनं मान हलवली. शेवटी एफीच्या टेबलावर चहा आला, बिस्किटं आली, काकवी आली, लोणी आलं, आणि एफीनं पुढ्यात तो बिल्ला ठेवला.

"हाच का तो?" ड्युमूशेल म्हणाला. "पत्रात चिखल लिहिलं होतं तुम्ही."

"होता. पुसला गेला."

"कुणी पुसला?"

माझे कान तापले. मी बिस्किटात तोंड खुपसलं. एफीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"आमच्याच माणसानं," ती म्हणाली. "त्याचं आम्ही बघून घेऊ."

"मला वाईट वाटतं, बाई," तो खरंच वाईट वाटून म्हणाला. चहात साखर घालून ढवळू लागला. "चिखल असता तर मी प्रयोगशाळेत पाठवला असता. असा चकचकीत बिल्ला म्हटल्यावर... साठ साली हौशी लोकांसाठी याच्या भरपूर नकला निघाल्या होत्या. आणि दप्तरातलं चित्र तर सुलट आहे."

"चित्र कुणी काढलेलं?"

"अँब्रोज टिंगली. तुमचे..."

"आजोबा. लोणी सरकवा जरा इकडं."

त्यानं लोण्याची बशी सरकवली. एफीनं सुरीनं लोणी सपाट केलं, बिल्ला पालथा घातला आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबला. वर्षानुवर्षं टोपीत पिना बसवलेले अंगठे ते. मग नखानं अलगद उचलला. लोण्यात मुकुट उमटला, पान उमटलं. अक्षरं उलटी झाली. आणि बीव्हर सुलट झाला. पुढं बघू लागला.

"तुमच्या चित्रासारखा?" एफीनं विचारलं.

ड्युमूशेलनं कागद काढला, लोण्याशेजारी धरला. बघत राहिला. "हुबेहूब," तो हळूच म्हणाला. "म्हणजे ठशावर चित्र सरळच कोरलं. उलटं करायचं राहिलं."

"चमचे कोरणारा माणूस होता हो. आता तुम्ही हातात काय धरलंय ते पुसा."

त्यानं साखरेचा चमचा रुमालानं पुसला. दांड्याच्या टोकाला एक बीव्हर कोरलेला होता, आणि खाली आजी-आजोबांच्या लग्नाचं साल, अठराशे चौऱ्याण्णव. इतका वेळ तो पुराव्यानं चहा ढवळत होता.

"मागचा पाय बघा. बोटं मोजा."

भिंग निघालं. "चार. पण बीव्हरला पाच असतात."

"आजोबांच्या बीव्हरला चार. त्यांनी लहानपणी पहिला बीव्हर पाहिला तो सापळ्यातून निसटलेला होता, एक बोट ठेवून. त्यांना वाटलं, सगळ्यांना चारच. पुढं कळलं, पण हात वळेना. आता लोणी बघा."

ड्युमूशेल लोण्यावर इतका वाकला की नाकाला लागलं. एक, दोन, तीन, चार. मग त्यानं बॅगेतून साठ सालची एक नक्कल काढली आणि भिंगाखाली धरली. तिच्या पायाला बोटंच नव्हती. झिजलेल्या बिल्ल्यावरून केलेली, येणार कुठून?

"बाई," तो नाक पुसत म्हणाला, "तीस वर्षांत मला कुणी लोण्यावर पुरावा दिला नव्हता."

"बिस्किट घ्या आणखी. पण बीव्हर सोडून बाजूचं लोणी लावून घ्या."

एप्रिलमध्ये पत्र आलं. मुकुट नवा, बीव्हर जुना, मागं बघणारा. त्या पत्राखाली चार बोटांचीही शिफारस होती. जूनच्या कवायतीत पहिला नवा बिल्ला एफीच्या हातानंच लागला, नव्यानं भरती झालेल्या एका ट्रक चालवणाऱ्या बाईच्या ओल्या टोपीवर. अख्खी पलटण ताठ उभी होती, बँड थांबला होता, कर्नलसाहेबांचं पोट आत होतं. एफीनं विचारलं, बीव्हर कुणीकडं बघतोय? उत्तर त्या बाईनं द्यायचं होतं. दिलं सगळ्या पलटणीनं. हॉलच्या खिडक्या हादरल्या. मी पोस्टातला माणूस, माझा पलटणीशी संबंध झाडूपुरता, तरी मीही ओरडलो, आणि घसा बसला.

परतताना मी एफीबरोबर चालत होतो. तिची मान लाईलकाकाच्या बिल्ल्यासारखी ताठ होती. मला वाटलं, आज दिवस चांगला आहे, मन मोठं आहे, आता बोलून टाकावं.

"मिस टिंगली," मी म्हणालो, "तसं बघायला गेलं तर... मी पॉलिश केलं नसतं, तर ती चार बोटं कुणाला दिसलीच नसती. नाही का?"

ती थांबली. नव्या डोळ्यानं माझ्याकडं नीट बघितलं.

"चिखल परत आणून लाव, मग बोल."